तिसऱ्या मजल्याचा हितसंबंध

सदाशिव पेठेत मी अडीच वर्षं महापौर होते. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, म्हणजे नेमकं काय होतीस? आणि तिथेच माझी पंचाईत होते. कारण मी नेमकं काय होते हे मला तेव्हाही कळलं नव्हतं, आणि आता तर आणखीच कळेनासं झालंय. मला महापौर करणाऱ्या माणसाला मात्र सगळं स्पष्ट कळत होतं. निदान तो तसं दाखवायचा. म्हणजे, दाखवायचे. एकेरी लिहिलेलं सरांना चालणार नाही.

सर आमच्या इमारतीचे सचिव होते. तळमजला आणि वर तीन मजले, दर मजल्यावर तीन बिऱ्हाडं, लिफ्ट नाही, अशी ती पेठेतल्या गल्लीतली इमारत. सर आणि काकू तिसऱ्या मजल्यावर राहायचे. मी लातूरहून आलेली, नोकरी हिंजवडीला. माझ्या फ्लॅटचे मालक नागपूरला असायचे. ते फोनवर म्हणाले, "सरांना भेटा. ते हो म्हणाले की माझं हो."

भेटायला गेले. सर पायजमा आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खिशाला दोन पेनं लावून बसले होते. त्यांनी तीनच प्रश्न विचारले.

"किती जण राहणार?"

"एकटीच."

"गाडी?"

"स्कूटी आहे."

"पुण्याचे महापौर कोण?"

मी गडबडले. आईशपथ, भाड्याच्या घरासाठी सामान्यज्ञानाची परीक्षा मी आयुष्यात पहिल्यांदा देत होते. म्हटलं, "सॉरी सर, नाव माहीत नाही."

"कसं माहीत असेल? कोणी नाहीच आहे. खुर्ची आहे, माणूस नाही." मग माझ्याकडे जरा वेळ बघून म्हणाले, "माहीत नाही म्हणालात. उगाच एखादं नाव ठोकून दिलं नाहीत. या राहायला."

त्या वर्षांत खरंच तसं होतं. महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली होती, निवडणूक लांबत चालली होती आणि शहराचा कारभार प्रशासकांकडे होता. मला काय, नळाला पाणी येत होतं, कचऱ्याची गाडी येत होती. माझ्या ऑफिसात तर हा विषय कुणाच्या गावीही नव्हता. सरांना मात्र ते फार लागलं होतं. रोज संध्याकाळी ते चालत महापालिकेच्या इमारतीपर्यंत जाऊन यायचे, आजारी नातेवाइकाची खबर घेऊन यावं तसे. आल्यावर काकू विचारायच्या, "काय?" सर म्हणायचे, "नाही अजून."

सर शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. नागरिकशास्त्र हा इतिहासाच्या शेपटाला बांधलेला थोड्या मार्कांचा विषय. बाकीचे शिक्षक तो परीक्षेच्या तोंडावर दोन तासांत उरकायचे, नाहीतर "घरी वाचा" म्हणायचे. सर जून महिन्यात तोच आधी शिकवायचे. पालक तक्रार घेऊन यायचे, "सर, शिवकाल कधी सुरू करणार?" सर म्हणायचे, "राज्य कसं मिळवलं ते तुमच्या मुलांना सिनेमात दिसतं. चालवायचं कसं ते मी सांगतो." हे सगळं मला काकूंनी सांगितलं. सर स्वतःबद्दल काही बोलत नसत, बोलत ते फक्त कलमांबद्दल.

एके रविवारी सूचना फलकावर कागद लागला. शहराला महापौर नाही, ही उणीव निदान आपल्या इमारतीपुरती भरून काढण्यात येत आहे. आरक्षणाची सोडत अमुक वाजता सचिवांच्या घरी निघेल. महापौरपदाची नियमावली सोबत जोडली आहे. मी शेजाऱ्यांना विचारलं, हे काय? ते म्हणाले, "जाऊ या. चहा असतो. आणि सोसायटीची सगळी कागदपत्रं सरच बघतात. त्यांना नाही कोण म्हणणार?"

सोडत सरांच्या घरी ठेवायचं कारण काकू. दोन वर्षांपूर्वी त्या मोरीत पडल्या होत्या, खुबा मोडला होता. ऑपरेशनहून घरी आल्या त्या चौघांनी खुर्चीतून वर उचलून आणल्या, आणि तेव्हापासून खाली उतरल्याच नव्हत्या. घरात काठी धरून हिंडायच्या, जिना मात्र शक्य नव्हता. गॅलरीत त्यांची खुर्ची होती आणि एक दोरीला बांधलेली करंडी.

एका स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या होत्या. सरांनी प्रवर्ग पाडले होते: सर्वसाधारण, महिला, तळमजला, भाडेकरू, भाडेकरू महिला. डबा हलवून त्यांनी काकूंसमोर धरला. काकूंनी डोळे मिटून चिठ्ठी काढली आणि चष्मा लावून वाचली, "भाडेकरू महिला."

इमारतीत भाडेकरू महिला एकच होती. मी हातातला कप खाली ठेवला.

"अहो पण सर, मला यातलं काही कळत नाही."

"कायद्यात तशी अट नाही," सर म्हणाले. "सूचक कोण? अनुमोदक कोण? बिनविरोध. अभिनंदन, महापौर."

त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. जिन्यात भेटले की बाजूला सरून उभे राहायचे. मी साताची कंपनीची बस गाठायला धावत असायचे, केस ओले, डबा काखेत, आणि हा सत्तरी उलटलेला माणूस भिंतीला चिकटून म्हणायचा, "आधी आपण, महापौर." मी ओशाळून जायचे. पण खोटं कशाला बोलू, आठवड्याभरात मला ते आवडायला लागलं. दिवसभर ऑफिसात मला कुणी वाट देत नसे.

काकूंनी माझ्यासाठी झगा शिवला. महापौराला झगा हवा, असं सरांचं म्हणणं. घरातल्या हार्मोनियमच्या जुन्या मखमली खोळीचं कापड होतं, ते काही अंगभर पुरेना. मग खांद्यांपुरतं काहीतरी झालं, लाल रंगाचं. ते घालून मी प्रजासत्ताकदिनी गच्चीवर झेंडा फडकवला. तेच घालून पहिल्या मजल्यावरच्या नव्या सुनेला दारात गुलाबाचं फूल दिलं. शहरात येणाऱ्या पाहुण्यांचं स्वागत हे महापौराचं काम. ती बिचारी मला सासरची कोणी मानाची आत्या समजून वाकून पाया पडली.

पुढे पुढे मला वाटायला लागलं, आपल्या हातात काही आहे. गच्चीतली पाण्याची टाकी घाण झाली होती. मी सरांना म्हटलं, "टाकी धुऊन घ्या."

"तो माझ्या अधिकारातला विषय आहे."

"मी महापौर आहे ना?"

"आहात. म्हणून आपण माझ्याकडे खुलासा मागू शकता. आदेश देऊ शकत नाही. सही आयुक्ताची, मान महापौराचा. इथे आयुक्त मी."

"मग मी खुलासा मागते."

"लेखी."

मी चिठ्ठी दिली. दुसऱ्या दिवशी माझ्या दाराखालून तीन पानी खुलासा आत सरकवलेला. टाकी का धुतली गेली नाही, कधी धुतली जाईल आणि विलंबाबद्दल सचिव कार्यालय दिलगीर आहे. टाकी त्याच रविवारी धुतली गेली. आता ती मी धुवायला लावली, की ते धुणारच होते? मी विचारलं. सर म्हणाले, "हाच तर प्रश्न आहे. परीक्षेत कधी येत नाही."

असा सगळा पोरखेळ चालला होता, आणि मीही तो पोरखेळच समजत होते. मग लिफ्टचा ठराव आला.

तो मांडला दुसऱ्या मजल्यावरच्यांनी. वयं होत चालली होती, गुडघे बोलायला लागले होते. खर्चाबद्दल कुणाची कुरकुर नव्हती. कुरकुर होती जागेची. लिफ्ट बसेल अशी एकच जागा होती, मागच्या बोळात. आणि त्या बोळात तळमजल्यावरच्या सिस्टरांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडत होती.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. एकट्या राहायच्या. घर आरशासारखं लख्ख, फळीवर बुद्धाची मूर्ती आणि शेजारी संविधानाची प्रत, पेन्सिलीच्या खुणा केलेली. इमारतीत सरांशी कलमाला कलम देऊन बोलणारी तेवढी एकच व्यक्ती होती. सर एखादा नियम सांगायला लागले की सिस्टर म्हणायच्या, "पुढचं वाक्य पण वाचा की सर." आणि सर वाचायचे.

सभा तळमजल्याच्या पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. मी अध्यक्षस्थानी, खांद्यावर ती लाल मखमल. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी बाजू मांडली. सिस्टर उठल्या. म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघराला एकच खिडकी आहे. तिच्यातून सकाळी ऊन येतं. आयुष्यभर वॉर्डातल्या ट्यूबलाइटखाली काम केलं. उरलेलं तरी उजेडात करू दे, एवढंच." आणि खाली बसल्या.

मग सर उठले. आता हे काकूंबद्दल बोलणार, असं सगळ्यांना वाटलं. सर म्हणाले, "या ठरावात माझ्या कुटुंबाचा हितसंबंध आहे. ज्याचा हितसंबंध आहे त्यानं मत देऊ नये. मी मतदानात भाग घेणार नाही, चर्चेतही नाही." आणि इतिवृत्ताची वही मांडीवर घेऊन लिहायला लागले.

बारा घरं. माझे मालक नागपूरला, त्यांचं मत नाही. सरांचं नाही. उरली दहा. हात वर झाले. बाजूने पाच. विरुद्ध पाच.

सर वहीतून मान वर न करता म्हणाले, "समसमान. नियम चारप्रमाणे महापौरांनी निर्णायक मत द्यावं."

इतके दिवस मला सांगितलं होतं की माझ्या हातात काहीच नाही. गुलाबाची फुलं आणि खुलासे. आणि आता दहा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला, समोर नसलेल्या पण वर गॅलरीतून कान लावून बसलेल्या काकू. मी म्हटलं, "मी सभा तहकूब करते."

"कारण?"

मागच्या गल्लीतले एक आजोबा आदल्या दिवशी गेले होते. "त्यांना श्रद्धांजली," मी म्हटलं.

सरांनी लिहून घेतलं. सगळे गेल्यावर म्हणाले, "पक्क्या महापौर झालात." ते कौतुक होतं की टोमणा, देव जाणे.

पुढची सभा मी अधिक माहितीसाठी तहकूब केली. त्याच्या पुढची, माझ्या ऑफिसात काम फार होतं म्हणून. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मला लाज वाटते हे लिहायला, पण मी वाट बघत होते की दोघींपैकी कोणीतरी माघार घेईल आणि माझी सुटका होईल.

शेवटी एके संध्याकाळी सर फिरायला गेलेले बघून मी काकूंकडे गेले. त्या गॅलरीत बसून करंडी वर ओढत होत्या. करंडीत गवार होती. त्यांनी एक शेंग मोडली, नाकाशी धरली आणि ताटात टाकली.

"जून आहे. भाजीवाला खालून ओरडतो, कोवळी आहे काकू. मी वरून काय बघणार? तीन वर्षं होत आली, मी हातानं भाजी निवडून घेतलेली नाही गं."

"काकू, सर काय म्हणतात लिफ्टबद्दल?"

"काही नाही म्हणत. ठराव आल्यापासून घरात हा विषयच बंद आहे. मी एकदा काढला तर म्हणाले, हे सभेबाहेरचं कामकाज झालं." त्या हसल्या. मग हसू थांबवून म्हणाल्या, "पन्नास वर्षं मी यांच्या नियमांत राहिले. चांगलेच असतात त्यांचे नियम. पण एकदा तरी वाटतं, या माणसानं माझ्यासाठी हात वर करावा."

मी निघाले तेव्हा म्हणाल्या, "आणि ती सिस्टर भली बाई आहे. माझ्या ऑपरेशननंतर महिनाभर टाक्यांचं ड्रेसिंग तिनंच केलंय. तू तिच्या विरुद्ध जावंस असं मी म्हणत नाहीये." म्हणजे काय म्हणत होत्या, ते मला कळेना.

जिन्यात सर भेटले. भिंतीला चिकटून उभे राहिले. मी म्हटलं, "सर, मी काय करू?"

"मी हितसंबंधी आहे. मला विचारू नका."

"मग शिक्षक म्हणून सांगा. वर्गात सांगता तसं."

ते खरोखर वर्गातल्या आवाजात म्हणाले, "समसमान मतं पडली याचा अर्थ बदलाला बहुमत नाही. अध्यक्षानं आपल्या एका मतानं बदल घडवू नये. आहे ती स्थिती राखावी. असा संकेत आहे."

म्हणजे लिफ्ट नको. तीन मजले वर त्यांची बायको जून गवार निवडत बसली होती आणि हा माणूस मला शिकवत होता की तिच्या विरुद्ध मत दे. मला त्यांचा असा राग आला की काय सांगू.

"हा नियम आहे?"

"संकेत आहे."

"मोडला तर?"

"मोडता येतो," सर म्हणाले. "संकेत मोडता येतो म्हणूनच तो पाळायचा असतो." आणि वर निघून गेले. दर चार पायऱ्यांवर थांबत होते. तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं की त्यांनाही जिना चढवत नाही.

पुढच्या सभेत मी ठरावाच्या बाजूने मत दिलं. का दिलं, याचं कारण मला नीट सांगता आलं नसतं. काकूंची दया आली, की सरांवर सूड उगवला, की फक्त तहकुबीचा कंटाळा आला होता? मी सिस्टरांकडे बघू शकले नाही. त्याच माझ्याकडे आल्या आणि माझ्या खांद्यावरची घसरलेली मखमल सारखी करत म्हणाल्या, "झालं ना एकदाचं? बरं झालं. तिला खाली आणा आधी."

सरांनी लिहिलं: ठराव मंजूर. मग वही माझ्यापुढे सहीसाठी धरली. खाली आणखी एक ओळ होती. "निर्णायक मत देताना प्रस्थापित संकेताचा भंग झाला. सचिव निषेध नोंदवत आहेत."

"सर, हे काकूंसाठी केलं मी!"

"म्हणून तर," सर म्हणाले.

मी सही केली. त्या सहीला कायद्यानं किती किंमत होती, मला आजही सांगता येणार नाही. सोसायटीचे रीतसर अध्यक्ष वेगळे होते, सरकारी कागदांवर सही त्यांची झाली. पण त्यांनीही आधी विचारलं, "महापौरांनी केली ना? द्या इकडे."

लिफ्ट झाली. काकू पहिल्यांदा खाली आल्या त्या दिवशी मी सुट्टी घेतली होती. लिफ्टमध्ये त्यांच्यासाठी एक लाकडी स्टूल ठेवलं होतं. सर लिफ्टमध्ये बसले नाहीत. ते जिन्यानं उतरत होते, आणि दर मजल्यावर थांबून लिफ्टच्या दाराच्या काचेतून आत बघत होते. खाली आल्यावर काकू काठी टेकत थेट कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे गेल्या आणि पाव किलो गवारीसाठी पंधरा मिनिटं भांडल्या. तो भाजीवाला इतक्या शिव्या खाऊनही हसत होता. सर चार पावलं मागे पिशवी धरून उभे होते, शाळेच्या सहलीला आलेल्या मास्तरांसारखे. त्यांना आनंद झाला होता का? चेहऱ्यावरून ताकास तूर लागत नव्हती.

आणि सिस्टरांच्या स्वयंपाकघरात त्या दिवसापासून भर सकाळी दिवा लागायला लागला. बस गाठायला धावताना त्यांच्या उघड्या दारातून मला तो रोज दिसायचा. त्या खिडकी दुसऱ्या भिंतीत पाडून घेणार होत्या. तसा ठरावही झाला होता. पण त्या भिंतीत इमारतीचा खांब निघाला.

माझी मुदत संपता संपता कंपनीनं मला बंगळुरूला पाठवलं. निरोपाला सरांनी मला गुलाबाचं फूल दिलं. म्हणाले, "हे काम खरं महापौराचं. पण महापौरालाच निरोप द्यायचा तर कोण देणार, याची तरतूद करायची राहून गेली." काकूंनी कोवळ्या गवारीची भाजी करून डबा दिला होता.

काकू गेल्याचं मला सिस्टरांनी फोनवर कळवलं. झोपेत गेल्या. लिफ्ट त्यांना जेमतेम वर्षभर मिळाली. मी मनात हिशेब करत राहिले, की मी त्या तहकुब्या केल्या नसत्या तर आणखी किती महिने मिळाले असते. मला येता आलं नाही. खरं तर, आले नाही.

मध्यंतरी निवडणुका झाल्या, पुण्याला महापौर मिळाला. ती बातमी मी फोनवर वाचली आणि पहिल्यांदा सरांचीच आठवण झाली. काही आठवड्यांनी कामासाठी हिंजवडीला आले होते, तेव्हा मुद्दाम वेळ काढून पेठेत गेले. दुपार होती. सिस्टरांच्या स्वयंपाकघरातला दिवा लागलेला होता. लिफ्ट तळमजल्यालाच उभी होती, पण का कोण जाणे, मी जिना चढायला लागले.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सर पायरीवर बसलेले होते. शेजारी भाजीची पिशवी. धाप लागली होती. मला बघून कठड्याला धरून उठायला लागले, भिंतीला चिकटून वाट द्यायला.

"बसा हो सर! लिफ्ट बंद आहे का?"

"चालू आहे. उत्तम चालते."

"मग?"

"मी वापरत नाही. वापरली तर हितसंबंध तयार होतो." श्वास घेऊन म्हणाले, "बरं झालं आलात, महापौर. सभा बोलवायची होती."

"मी आता कुठली महापौर? मी राहतसुद्धा नाही इथे."

"नवा महापौर निवडून येईपर्यंत आधीचा काम पाहतो. नियम सात. आणि आपला लेखी राजीनामा माझ्याकडे आलेला नाही."

"नवा निवडला नाही तुम्ही?"

"सोडत निघाली नाही," सर म्हणाले. "चिठ्ठी काढायची ती."

मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसले. म्हटलं, "ठीक आहे. मी सभा बोलावते. आत्ताच."

सरांनी पिशवीतून, कोथिंबिरीच्या जुडीखालून, इतिवृत्ताची वही काढली. "उपस्थिती दोन. गणपूर्तीला चार लागतात. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब. त्यानंतर तिथेच, गणपूर्तीशिवाय घेता येते."

तेव्हा आम्ही दोघं अर्धा तास जिन्यात बसलो. न येणाऱ्या दोन माणसांची वाट बघत. सर काही वेळानं बोलायला लागले, माझ्याकडे न बघता. "शेवटी शेवटी विचारायची. तुमचं मत काय होतं हो? मी म्हणायचो, मी मतदानात नव्हतो. ती म्हणायची, ते माहीत आहे, मत काय होतं? मी सांगितलं नाही. मला वाटलं, सांगितलं तर दिल्यासारखंच होईल."

खालून कुठल्या तरी कुकरची शिट्टी झाली. सरांनी घड्याळ बघितलं.

"सभा सुरू. विषय: लिफ्टचा ठराव. माझ्या कुटुंबाचा हितसंबंध आता राहिलेला नाही. त्यामुळे मला मत देता येतं. ते नोंदवावं अशी महापौरांना विनंती आहे."

"बाजूने की विरुद्ध?" मी विचारलं. विचारायलाच हवं होतं, नियम होता.

सरांनी हात वर केला. पार्किंगमध्ये सगळ्यांनी केला होता तसा, पूर्ण, खांद्यापासून. आणि बराच वेळ तसाच ठेवला. मी लिहीपर्यंत. मला अक्षरं दिसत नव्हती.

"बाजूने सहा," ते म्हणाले. "विरुद्ध पाच. म्हणजे समसमान मतं पडलीच नव्हती. निर्णायक मताचा प्रसंग आलाच नाही. आपण कुठलाही संकेत मोडला नाहीत. माझा निषेध रद्द समजावा."

त्यांनी मला सोडवलं होतं, की स्वतःला, मला कळलं नाही. झालेल्या ठरावात मागाहून मत घालता येतं का, हे विचारायचा धीर झाला नाही. अशी सोय कुठल्याच कायद्यात नसणार, आणि हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसणार. मी सही केली.

मी बटण दाबलं. लिफ्ट वर आली. आत कोपऱ्यात ते लाकडी स्टूल होतं, कुणी हलवलं नव्हतं. सर दारातच थांबले. "आधी आपण, महापौर."

"सर, मान माझा असेल, पण गुडघे तुमचे दुखतायत. बसा."

ते बसले. पिशवी मांडीवर घेतली, हात काठीवर ठेवल्यासारखे एकावर एक ठेवले. तिसरा मजला आला, दार उघडलं. सर उठले नाहीत.

"महापौर," ते म्हणाले, "एक विनंती आहे. ती खाली जायची तसं एकदा खाली जाऊ या का?"

मी तळमजल्याचं बटण दाबलं.